उन्हाळ्यातलं जागं रान

आयर्लंडमध्ये साप नाहीत. एकही नाही. संत पॅट्रिकने ते सगळे समुद्रात हाकलले अशी तिथली आख्यायिका आहे, पण खरं कारण हिमयुगाचं. बर्फ हटला, समुद्राचं पाणी वर चढलं आणि युरोपातले साप तिथवर पोचायच्या आतच बेटाची वाट बुडाली. त्या देशात जमिनीवर राहणारा मूळचा सरपटणारा प्राणी एकच, एक लहानसा तपकिरी सरडा. तो अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. उभयचर तीन: एक बेडूक, एक भेक आणि शेपटीवाला न्यूट. यादी संपली. मी लग्नानंतर गॉलवेला गेले ती तिथलीच झाले. माझ्या मुलीला नाग ठाऊक आहे तो आजीने पाठवलेल्या जिवतीच्या कागदावरचा, कृष्णाच्या पायाखालचा.

अशा देशातून येऊन मी एप्रिलपासून मृगापर्यंतचा उन्हाळा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत काढला, तो सरडे, पाली, साप आणि बेडूक बघण्यासाठी. पुण्यातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बिबट्याचा होता. जुन्नर म्हटलं की ऊस, उसात बिबट्या आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. दुसरा प्रश्न असा, की उन्हाळ्यात तिथे असतं काय? डोंगर पिवळे पडलेले, ओढे आटलेले. बेडूकबिडूक बघायचे तर जुलैत जा. हा दुसरा प्रश्न मला मराठी माणसांनीच विचारला याचं नवल वाटलं, आणि हे लिहिते आहे ते मुख्यतः त्याच्या उत्तरादाखल. पावसाआधीचे हे महिने त्या मुलखात रिकामे नसतात. पावसाळ्यात जे दिसतं त्याची सगळी तयारी, जोड्या जमवणं, हद्दी आखणं, पोटात पिल्लं वाढवणं, याच उन्हात चाललेली असते.

जुन्नर तालुक्याची दोन टोकं म्हणजे दोन वेगळे देश. पश्चिमेला नाणेघाट, जीवधन, माळशेज. तिथे पावसाळाभर ढग जमिनीवर उतरलेले असतात. पूर्वेला बेल्ह्याच्या पुढे आणे पठार. तिथवर येता येता पाऊस दमून जातो. मी पूर्वेकडून सुरुवात केली. वाटेत खोडदच्या दुर्बिणी लागतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या परिसरात पसरलेल्या आहेत, आणि त्या आकाशगंगांचे रेडिओ संदेश टिपतात. त्या बघायला शाळांच्या सहली येतात. पठारावरच्या मुरमाड माळावर मात्र सहल येत नाही. तिथे जे चाललेलं असतं ते बघायला दुर्बीण लागतच नाही, गुडघे टेकून बसण्याची तयारी लागते.

एप्रिलातले सकाळचे दहा. मुरूम इतका तापलेला की तळहात टेकवत नव्हता. वाळलेल्या कुसळी गवतात एका दगडावर एक सरडा चढला. शेपटी सोडली तर माझ्या बोटाएवढा, मातकट, पाठीवर फिकट-गडद चौकटी. डोळा हलला नसता तर दगडाचाच टवका वाटला असता. त्याने पुढचे पाय ताठ केले, मान उचलली, आणि गळ्याखालून निम्म्या पोटापर्यंत पोचणारा कातडीचा पंखा उघडला. निळा, त्याला लागून काळा, मग नारिंगी. असा निळा रंग त्या अख्ख्या माळावर दुसरा नव्हता. पंखा मिटला, सरडा पुन्हा मातीचा झाला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. जिभेखालचं एक लवचीक हाड पुढे रेटून तो हा पंखा उभा करतो. स्नायू ढिला सोडला की कातडी घडी होऊन गळ्याला चिकटते. रंग झाकून ठेवता येण्यातच त्याचा जीव वाचतो, कारण वर ससाणे आणि शिक्रे फिरत असतात आणि निळा ठिपका त्यांनाही दिसतो.

शेजारच्या दगडावर दुसऱ्याने पंखा उघडला तसा हा खाली उतरला आणि चक्क मागच्या दोन पायांवर धावत सुटला. पुढचे पाय छातीशी, शेपटी उचललेली, मागे बारीक धूळ. दोघे गवतात दिसेनासे झाले, आणि थोड्या वेळाने एकच परत आला. तो आधीचाच की नवा, हे मला सांगता येत नाही, पण दगड त्याचा झाला होता. मादी तोवर बोराटीच्या सावलीत बसून होती, रंग नाही, पंखा नाही. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की ती खड्डा उकरून अंडी घालणार. म्हणजे नराला दगड मिळवायला आणि मादीला नर पारखायला उन्हाळ्याचे हेच आठवडे. याच गटातल्या तीन रंगांच्या सरड्यांना २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा वंश मानून 'सराडा' हे नाव दिलं, आपल्याच भाषेतून उचलून.

मेंढरं घेऊन चाललेले एक बाबा माझ्या पाठीशी येऊन थांबले. मी काय बघते ते त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे उन्हाचंच असतंय. पाऊस लागला का फडकं गुंडाळून ठेवतंय." दोन वाक्यांत त्यांनी सगळा ऋतुक्रम सांगितला. महसुली कागदावर अशा माळाची नोंद बहुधा 'पडीक' अशी असते. पडीक म्हटलं की खडी काढा, कंपाउंड घाला, रोपं लावून हिरवं करा. पण दाट झाडी लावली तरी या सरड्याचं घर मोडतंच. त्याला उघडा दगड आणि उघडं आकाश लागतं, आणि ते राखणं हेही निसर्ग राखणंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

परक्या मुलखातून जुन्नरला येऊन थक्क झालेली मी काही पहिली नव्हे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथे अडकला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे बिदरला गेल्यावर तिथल्या रस्त्यांवर लांबच लांब साप फिरतात, याचीही त्याने नोंद केली. त्याला पावसाने कोंडलं होतं, मी पावसाची वाट बघत होते. त्याने पाहिलेला चिखल कोरडा असताना कसा दिसतो हे मला एप्रिल-मे महिन्यांत दिसलं. भातखाचरांना हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगांत काय आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मे लागताच मी पश्चिमेला घाटघरला मुक्काम हलवला. नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला वसलेलं हे गाव. ज्या महादेव कोळी कुटुंबात राहिले त्या घरात दादा, वहिनी, दादांच्या आई म्हणजे आजी, आणि सातवीतला एक मुलगा. पाणी त्या दिवसांत मोजून वापरायचं. तरी दारात आल्यावर तांब्याभर पाणी पहिलं पुढे यायचं.

घाटघरला जायचं कारण एक पाल. २००८ साली वरद गिरी यांनी विज्ञानाला नवी असलेली एक मोठी पाल जगापुढे मांडली, आणि जिच्यावरून त्या जातीचं वर्णन केलं ती याच घाटघरची. नाव हेमिडॅक्टिलस आरॉनबाउरी, अमेरिकेतले सरीसृपतज्ज्ञ आरॉन बाउर यांच्यावरून. जगात कुठेही या पालीवर कुणी लिहायला बसलं की मूळ ठिकाण म्हणून जुन्नर तालुक्यातल्या या गावाचं नाव घ्यावंच लागतं. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटातली वाट माणसांना माहीत आहे, लेण्यात नागणिका राणीचा शिलालेख आहे, जकातीचा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षं व्यापारी, बैल, सैनिक, यात्रेकरू या कातळाला हात लावून गेले. आणि त्याच कातळावर रात्री फिरणारी पाल नोंदली जायला एकविसावं शतक उजाडलं.

रात्री जेवणं झाल्यावर दादांबरोबर बॅटरी घेऊन निघाले. वाटेवर त्यांनी एकच सूचना दिली, "ताई, उजेड आधी, पाय मागून." कातळाच्या एका उभ्या भेगेत उजेड टाकला तशी ती दिसली. घरातल्या पालीची सवय असलेल्या माणसाला ती प्रथम पाल वाटतच नाही, इतकी दणकट. डोकं रुंद, कातडी काळसर राखाडी, तीवर खडबडीत पुटकुळ्या आणि गडद पट्टे. बोटांच्या खालच्या गाद्या दगडावर पसरलेल्या. त्या गाद्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक केसांची दाटी असते, आणि त्या केसांच्या जोरावर ती उलटी लटकूनही पडत नाही. एक पतंग उजेडाकडे आला. पाल दोन पावलं सरकली, थांबली, डोळ्यावरून जीभ फिरवली. पापण्या नसल्यामुळे पाली डोळे जिभेनेच पुसतात. मग पतंग तिथे नव्हता. भिंतीसारखा उभा दगड दिवसभर ऊन पिऊन रात्री उशिरापर्यंत कोमट राहतो, आणि पाल त्या उबेला पोट लावून बसते. दिवसाचं ऊन ती रात्री वापरते.

घरी आल्यावर मुलाला फोटो दाखवला. जगभर पुस्तकांत तुझ्या गावाचं नाव आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "मग बाईंनी भूगोलात का नाय सांगितलं?" मला उत्तर सुचलं नाही. ते शाळेच्या पुस्तकात असायला हवं, एवढं खरं.

सापांबद्दल लोक कसे बोलतात हे ऐकण्यासाठी मी मुद्दाम बायकांबरोबर बाळहिरडा गोळा करायला गेले. घाटमाथ्यावरच्या या गावांना उन्हाळ्यात रोख पैसा देणारं हे एक मोठं साधन. झाडाखाली पडलेली कोवळी हिरवी फळं वेचायची, वाळवायची, विकायची. म्हणजे पालापाचोळ्यात हात घालण्याचं काम, आणि पाचोळ्यात फुरसं असतं. वीतभर-दीडवीत लांबीचा हा साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर असा आवाज करतो. बायका आधी काठीने पाचोळा उलथतात, कान देतात, मग हात घालतात. हे सगळं बोलता बोलता चालतं, कुणी ते वेगळं शिकवत नाही. एकीने मला विचारलं, "तुमच्या तिकडं काय निघतं?" काहीच निघत नाही म्हटल्यावर ती जरा विचारात पडली. "मंग उंदरं लई होत असतील."

भारतात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे होतात, आणि चौघेही या दोन तालुक्यांत आहेत. घोडा विषाला सरावतो, त्याच्या रक्तातून प्रतिविष काढतात, आणि आपल्याकडे मिळणारी लस या चारही विषांवर मिळून एकच असते. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामाशी फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे. पण लस वेळेत मिळाली तर. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं याच एका गोष्टीवर झगडत आले आहेत: पान लागलेला माणूस देवळात, मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखान्यात यावा. आमच्या आजींनी तरुणपणी मंत्राने उतरवलेली विषं पाहिली होती, असं त्या म्हणत. त्याच पुढे म्हणाल्या, "आता मात्र गाडीत घालायचं आन् नारायणगाव गाठायचं." त्यांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या, आणि जीव वाचवणारी गोष्ट दुसरी होती.

मण्यारीची गोष्ट त्यांनी मला बाजेवर बसवून सांगितली. उन्हाळ्यात माणसं अंगणात, ओट्यावर, जमिनीवर वाकळ टाकून झोपतात. मण्यार रात्रीच फिरते, पाली आणि दुसरे साप शोधत. झोपेत कुणाचा हात पडला तर चावते, आणि तो चावा मुंगीएवढाही जाणवत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या उचलत नाहीत, बोलता येत नाही, आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून त्या घरात सगळे बाजेवर झोपत, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मीही तशीच झोपले. शांत झोप लागली, हे सांगितलं पाहिजे.

घोणस मी पाहिली ती आंबेगाव तालुक्यात, घोडेगावकडून डिंभ्याच्या वाटेवर, एका बांधाच्या कडेला. मूळ आंबेगाव हे गाव धरणात गेलं. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, आणि तालुक्याचं ठाणं घोडेगाव. मादी होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, पाठीवर साखळीसारखे गोल ओळीने. आमच्यात आणि तिच्यात अंतर भरपूर होतं, तरी तिने इशारा दिला. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा सुसाटतो तसा आवाज, आणि तो थांबतच नाही. इतक्या स्पष्टपणे 'पुढे येऊ नका' सांगणारं दुसरं जनावर मी पाहिलेलं नाही. घोणस अंडी घालत नाही. मे ते जुलै या काळात ती वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिल्लांना जन्म देते, आणि पिल्लू जन्मतःच विषारी असतं. उन्हाळाभर ती ते ओझं घेऊन सावली-उन्हाच्या सीमेवर बसून राहते, कारण पोटातली पिल्लं वाढायला नेमकी तेवढीच ऊब लागते. बरोबरचा तरुण सर्पमित्र म्हणाला, "ताई, आपण निघू. तिला त्रास नको." आम्ही निघालो.

त्याच जलाशयाच्या कडेला दुसऱ्या दिवशी धामणींची झुंज बघायला मिळाली. पाणी खूप खाली गेलं होतं, उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवलं होतं, आणि त्यात दोन धामणी एकमेकांना पीळ घालून कमरेएवढ्या उभ्या होत्या. गावातली माणसं लांब उभी राहून बघत होती. कुणीतरी नवं फडकं आणायला पळालं, कारण जुगलेल्या सापांवर टाकलेलं वस्त्र घरात ठेवलं की बरकत येते असा समज आहे. पण ते दोघेही नर असतात. चावत नाहीत, फक्त दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं. ज्याचं डोकं जास्त वेळ वर, तो जिंकला. पीळ सुटायचा, पुन्हा बसायचा. मातीवर अंग आपटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ चाललं, आणि एक अचानक पाण्याच्या दिशेने निघून गेला. फडकं पोचलं तोवर मैदान रिकामं. हसत हसत सगळे पांगले. कुणाच्या हातात काठी नव्हती, हे मी मुद्दाम पाहिलं. धामण उंदीर खाते हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

सगळंच असं नाही. मे महिन्यात राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवायचं. तण मरतं, राख खत होते. पिढ्यान्पिढ्यांची पद्धत आहे आणि तिच्यामागे कारण आहे. पण राबाची ठिणगी डोंगराला लागली की वणवा, आणि वणव्यात पळू न शकणारे पहिले जातात. आहुप्याकडे जाताना जळून काळ्या पडलेल्या उतारावर मला एक घोरपड मेलेली दिसली, कपारीच्या अगदी तोंडाशी. १९७२च्या कायद्याने घोरपडीला वाघाइतकं संरक्षण दिलेलं आहे. आगीला कायदा लागू होत नाही. दादा राब भाजतात तेव्हा आधी चहूबाजूंनी पट्टा साफ करतात, वारा पडल्यावर पेटवतात, आणि विझेपर्यंत उठत नाहीत. सगळे तसं करत नाहीत म्हणून त्यांना राग येतो. मलाही येतो.

आहुपे हे आंबेगावचं पश्चिम टोक. पुढे कडा, खाली कोकण. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली शेकरूसाठी राखलं गेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, आणि त्याची दाट झाडी या बाजूला उरली आहे ती बरीचशी देवरायांमुळे. देवाची राई आहे, कुऱ्हाड लावायची नाही, एवढ्या एका वाक्याने हे जंगल टिकलं. आत शिरल्यावर मे महिना बाहेर राहतो. अंजनीच्या एका फांदीवर, खांद्याच्या उंचीवर, चापडा होता. हिरवा, त्रिकोणी डोक्याचा, शेपटी फांदीला गुंडाळलेली. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खाच असते, तिच्यातून त्याला गरम रक्ताचा प्राणी अंधारातही 'दिसतो'. नेहमीची लस याच्या विषावर चालत नाही, म्हणून वाटाड्याने मला हाताला धरून दोन पावलं मागे घेतलं. संध्याकाळी परतताना चापडा तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तिथेच, त्याच फांदीवर. वाट बघणं हेच त्याचं शिकारीचं कौशल्य.

तिथेच वळीव कोसळला. दुपारी चारला आभाळ भरून आलं, गारा आल्या, अर्ध्या तासात सगळं थांबलं. आणि अंधार पडता पडता झुडपांतून टिक-टिक आवाज सुरू झाले, आधी एक, मग चहूकडून. ते बेडूक. बोटाच्या पेरावर मावतील एवढे, झाडांच्या ढोलीत आणि सालीखाली उन्हाळा काढणारे. त्यांच्या गळ्याचा फुगा फुगला की डोक्याहून मोठा होतो. या झुडूप-बेडकांच्या अंड्यातून डिंभ निघतच नाही. शेपटीवाल्या पोहणाऱ्या पिल्लाची सगळी अवस्था अंड्याच्या आत उरकते आणि बाहेर येतो तो चार पायांचा इवलासा बेडूक. त्यांना डबकं लागत नाही, ओल पुरते. यांतल्याच एका जातीला २०१३ साली पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव देण्यात आलं. त्या रात्री काजवेही पेटले होते. पण मी सबंध वेळ एकाच करवीच्या पानाकडे बघत बसले, कारण त्यावर एक बेडूक बसला होता आणि दर हाकेला त्याचं सबंध अंग थरथरत होतं.

घाटघरला परतले तेव्हा रोहिणी लागल्या होत्या. मोठा पाऊस रात्री आला. पहाटे दादांनी दार वाजवलं, "ताई, चला लवकर. बेडकं निघाली."

खाचरात घोटाभर पाणी साचलं होतं आणि त्यात बैलबेडूक होते, लिंबाच्या सालीसारखे पिवळे. कालपर्यंत ते शेवाळी हिरवे होते, आणि कालपर्यंत ते मी पाय टाकून चालत होते त्या भेगांखाली होते. नरांच्या गळ्याच्या दोन बाजूंना दोन गडद निळे फुगे, डराव म्हणताना फुगणारे. पिवळ्यावर निळा. एक दुसऱ्यावर उडी घेऊन त्याला पाण्याखाली दाबत होता, तिसरा दोघांवर. माद्या तशाच मळकट हिरव्या, कडेकडेने शांतपणे सरकणाऱ्या. मी बांधावर चिखलात बसून राहिले. डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. एके काळी याच बेडकांच्या तंगड्या आपल्या देशातून परदेशी हॉटेलांसाठी जहाजं भरून जात होत्या. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. ती झाली नसती तर ही सकाळ किती गावांना उरली असती?

अंगणात मुलाने आणखी एक दाखवला: गोल, गुबगुबीत, बिळात राहणारा. २०१७ साली पुण्याच्या अभ्यासकांनी या गटातल्या पश्चिमेकडच्या जातीला 'पश्चिमा' असं नाव देऊन वेगळी ओळख दिली. त्याच्या मागच्या टाचेवर फावड्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा असतो. आम्ही बघत असताना तो ढेकळांत मागच्या मागे रुतायला लागला, कमरेतून डावीउजवीकडे हलत, आणि डोळे तेवढे वर राहिले. त्याचं पोट आधीच भरलं होतं. पावसाबरोबर वारुळांतून पंखवाली वाळवी उठली होती आणि अंगणातल्या प्रत्येक बेडकाच्या तोंडातून एकेक पंख लोंबत होता.

दोन दिवसांनी बैलबेडकांचा पिवळा रंग उतरला. खाचरात अंडी होती, मग लगेच डिंभ, काळे ठिपके वळवळणारे. आणि मग ऊन पडलं. खरा मान्सून अजून यायचा होता. दादा रोज खाचराच्या कडेला बोटाने रेघ ओढत आणि पाणी किती हटलं ते बघत. त्यांनाही बी टाकायचं होतं. डिंभांची आणि त्यांची काळजी एकाच पावसाची होती. मोठे डिंभ लहानांना खायला लागले. मला निघावं लागलं तेव्हा पाणी तळहाताएवढं उरलं होतं.

जूनच्या मध्यावर वहिनींचा फोन आला. पाऊस वेळेवर लागला, खाचर भरून वाहिलं, बांधावर शेपटी गळायच्या बेतातली बेडकं उड्या मारतायत, आणि रोपं टरारून वर आली आहेत. मग आजींनी फोन घेतला. ओढ्यात दगडांच्या कपारीत रात्री ओरडणारा एक वेगळाच बेडूक असतो, तो ताईला दाखवायचा राहिला, म्हणाल्या. तो बहुधा १९५५ साली हुमायून अब्दुलालींच्या नावाने नोंदलेला मुंबईचा बेडूक असावा. सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या ओढ्यांत तो राहतो. नराबरोबर मादीही साद घालते अशा मोजक्या बेडकांपैकी तो एक, आणि त्याची जोडी जमण्याची रीत जगातल्या इतर सगळ्या बेडकांहून निराळी आहे, हे २०१६ साली सिद्ध झालं. आजींना ही रीत माहीत नसेल, पण ओढ्यातल्या कुठल्या दगडाशी बसायचं हे त्यांना माहीत आहे. पुढच्या आषाढाचं तिकीट काढलं आहे, आणि या वेळी मुलगी बरोबर येणार आहे.